जेंडरचे ठोकळेबाज समज आणि मुलं : नुसतं 'सगळे समान' सांगून भागतं का?

रानजाई (धागाकर्ती)

मंडळी, नमस्कार. शाळा सुटल्यावर भरणारा एक वर्ग मी घेते, ८ ते १० वयाची मुलं, चित्रं-गोष्टी-थोडंफार नाटक असं आमचं चालतं. आता काही पालकांनी सुचवलंय की मुलगा-मुलगी यावरून जे ठोकळेबाज समज असतात त्यावर चार-सहा तास घ्या की. घ्यायला माझी ना नाही. पण अडचण अशी की "मुलगा मुलगी समान" हे या वयाच्या पोरांना तोंडपाठ असतं, विचारलं की धाडकन उत्तर देतात आणि दुसऱ्या मिनिटाला कुणाला तरी "ए, मुलीसारखा काय रडतोस" म्हणून मोकळे. पाठांतर पक्कं, पण या समजांमुळे कुणाचं काय जातं ते काही डोक्यात शिरलेलं नाही. मला घोषणा नकोयत, परिणाम पोचवायचेत.

ज्या अभ्यासामुळे विषय घ्यावासा वाटला तो आधी सांगते. २०१७ साली 'सायन्स' या विज्ञानपत्रिकेत बियान, लेस्ली आणि चिम्पियान या तिघांचा पेपर आला होता. लहान मुलांना एक गोष्ट सांगितली, त्यात एक माणूस "खूप खूप हुशार" आहे, पण बाई की पुरुष ते सांगितलंच नाही. मग काही बायकांचे, काही पुरुषांचे फोटो पुढे ठेवून विचारलं, यातलं कोण असेल? ५ वर्षांची मुलं आणि मुली दोघंही आपल्याच बाजूचा फोटो उचलतात, जे साहजिक आहे. पण ६-७ वर्षांच्या मुलींचा हात बाईच्या फोटोकडे कमी वेळा जातो. एका वर्षात! आणि गंमत बघा, शाळेत चांगले मार्क कुणाला मिळतात विचारलं तर त्याच मुली सांगतात, मुलींना. म्हणजे मार्क मिळतात हे दिसतंय तरी 'हुशार' ती नाही, तो. पुढे त्यांना दोन खेळ दाखवले, एक खूप हुशार मुलांसाठीचा म्हणून, दुसरा खूप मेहनत करणाऱ्यांसाठीचा म्हणून. हुशारांच्या खेळात ६-७ वर्षांच्या मुलींना मुलांपेक्षा कमी रस, मेहनतीच्या खेळात काही फरक नाही. कुणी त्यांना "तू खेळू नकोस" म्हटलं नव्हतं, त्या आपणहून बाजूला झाल्या.

तर तुम्ही कुणी असं काही मुलांबरोबर केलंय का? कुठल्या वयात काय चालतं? माझा बेत असा आहे की फळ्यावर दोन रकाने करायचे, 'मुली कशा असतात' आणि 'मुलगे कसे असतात', मुलांकडून भरून घ्यायचे आणि मग एकेक खोडायचं.

आणि एक. दोन पालकांनी हळूच बाजूला घेऊन सांगितलंय की "ते गे वगैरे त्यात आणू नका". पण 'गे' हा शब्द मुलं शिवी म्हणून सर्रास वापरतात, मी रोज ऐकते. मग गप्प बसायचं?

टपोरी_कावळा

रुमाल टाकून ठेवतो. धाग्याची शंभरी भरणार हे सांगायला ज्योतिषी नको.

शंकेखोर

विषय चांगला आहे पण या चर्चांत एक गृहीत धरलेलं असतं की सगळं समाजच शिकवतो आणि निसर्ग बिचारा काहीच करत नाही. आमच्याकडे दोन्ही पोरांना एकाच टोपलीतली खेळणी दिली, फरक केला नाही, तरी मुलगा जे हातात येईल त्याची बंदूक करतो आणि मुलगी गाड्यांना पांघरूण घालून झोपवते. आता हे कुणी शिकवलं? हार्मोन नावाची गोष्ट असते. मुलांना 'सगळं खोटं आहे' असं शिकवणार असाल तर तेही एक प्रकारचं खोटंच की.

अनुस्वार

शंकेखोर, तुमच्या मुद्द्यात तथ्य आहे, ते झटकून टाकण्यासारखं नाही. जन्माआधी काही मुलींच्या शरीरात एका आजारामुळे पुरुषी हार्मोनचं प्रमाण जास्त असतं, त्या मुली सरासरीनं गाड्या-ठोकळे अशा खेळण्यांकडे जास्त वळतात हे बऱ्याच अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. तेव्हा निसर्ग काहीच करत नाही असं कुणी म्हणत असेल तर ते चूक.

पण रानजाई विचारतायत ते वेगळं आहे. फरक असतो का, किती असतो, हा एक प्रश्न. नसलेला फरक आपल्याला दिसतो, आणि तसा दिसल्यामुळे आपण पोरांशी तसं वागतो, हा दुसरा. दुसऱ्याची दोन उदाहरणं देतो.

१९७६ मधला काँड्री पती-पत्नींचा प्रयोग. ९ महिन्यांच्या बाळाची फिल्म, बाळासमोर झाकण उघडलं की उडी मारून बाहेर येणारं खेळणं ठेवलंय, ते बघून बाळ आधी दचकतं आणि मग रडतं. बघणाऱ्यांपैकी निम्म्यांना सांगितलं हा मुलगा आहे, निम्म्यांना सांगितलं मुलगी आहे. फिल्म तीच, बाळ तेच. 'मुलगा' ऐकलेल्यांना ते बाळ रागावलेलं जास्त दिसलं, 'मुलगी' ऐकलेल्यांना घाबरलेलं. आता विचार करा, रागावलेल्या बाळाशी तुम्ही कसं वागता आणि घाबरलेल्याशी कसं.

दुसरा २००० सालचा. ११ महिन्यांची रांगणारी बाळं, एक उतार, तो कमीजास्त तीव्र करता येतो. आयांना विचारलं तुमचं बाळ किती तीव्र उतारावरून खाली येईल, तेवढा उतार लावून दाखवा. मुलांच्या आयांनी जास्त लावला, मुलींच्या आयांनी कमी. प्रत्यक्षात बाळांना उतारावर सोडलं तर मुलं-मुली एकसारखी. आईचं प्रेम कमी म्हणून नाही हो हे, पण ज्या मुलीला उतारावर जाऊच देणार नाहीत ती उतार शिकणार कधी.

तुमची मुलगी गाड्यांना झोपवते ते झोपवू दे. तिला कुणी "तू गाडीशी असंच खेळायचं" म्हटलं तर काय होतं, विषय तेवढाच आहे.

शंकेखोर

ठीक आहे, हे दोन प्रयोग पटण्यासारखे आहेत. तरी रकाने खोडण्याचा कार्यक्रम मला पटलेला नाही.

पाटीपेन्सिल

शंकेखोरांशी वेगळ्या कारणानं सहमत. रानजाई, रकाने करूच नका गं. मी बरीच वर्षं प्राथमिकला शिकवते, अनुभवावर सांगतेय आणि थोडं वाचलेलंही. होतं काय, ज्या मुलाला एखादा समज माहीतच नव्हता त्याला तो आपण फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून देतो. खोडलं तरी वाचून झालेलं असतं.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे रकान्याचं नावच. 'मुली अशा असतात', 'मुलगे तसे असतात' या साच्यातलं वाक्य मुलांच्या डोक्यात फार खोल जातं, त्यात पुढे काय लिहिलंय याला तितकंसं महत्त्व नसतं. मेंढ्या गवत खातात, मासे पोहतात, आणि मुली अमुक करतात, सगळं एकाच सुरात ऐकल्यावर मूल समजतं की ही आतूनच वेगळी जात आहे. २००४ मध्ये सुझन गेलमन आणि सहकाऱ्यांनी आया आणि लहान मुलांची चित्रांची पुस्तकं बघतानाची बोलणी तपासली. आया उघडउघड जुनाट काही बोलत नव्हत्या. पण "मुली हे करतात", "मुलगे ते करतात" अशी वाक्यं भरपूर, आणि मुलानं काही ठोकळेबाज म्हटलं तर त्याला हटकणं अगदी कमी.

म्हणून वर्गात आधी स्वतःचं बोलणं बघा. माझं एक पथ्य आहे, रांग करताना मुलांची वेगळी मुलींची वेगळी करत नाही, गट पाडताना नाही, "मुलींनो शांत बसा" नाही. हे अति वाटेल कुणाला. पण २०१० चा हिलियर्ड आणि लिबेन यांचा बालवाडीतला अभ्यास आहे, काही वर्गांत बाईंनी फक्त दोन आठवडे मुलगा-मुलगी असे उल्लेख वाढवले, रांगा वेगळ्या, फळे वेगळे, बाकी कुठे कोण श्रेष्ठ कोण कनिष्ठ काही नाही. दोन आठवड्यांत त्या मुलांचे समज घट्ट झाले आणि मुलं-मुली एकमेकांशी खेळायची कमी झाली. बाकीच्या वर्गांत तसं नाही. तेव्हा तासाला समानता शिकवून सुटताना "मुलींची रांग पुढे" केलं की तास पाण्यात.

वयाचं विचारलंस. ५-६ ला मुलं याबाबतीत सगळ्यात कडक असतात, अगदी पोलीस, हे मुलाचं ते मुलीचं, नियम म्हणजे नियम. त्याला घाबरू नये, जगाची वर्गवारी लावायचं ते वय असतं. ७-८ नंतर बऱ्यापैकी सैल होतात. तुझी मुलं त्या सैल झालेल्या वयातली आहेत, हीच वेळ.

चष्मेबहाद्दर

मस्त चाललाय धागा. एक भर, मुलांना हे सांगा की शंभर वर्षांपूर्वी गुलाबी हा मुलांचा रंग होता आणि निळा मुलींचा, मग उलटं झालं. पोरं चकित होतात.

अनुस्वार

हे इतक्या ठामपणे सांगू नका. १९१८ च्या आसपासच्या काही अमेरिकन मासिकांत तसा सल्ला सापडतो, पण त्याच काळात उलटा सल्लाही सापडतो. तेव्हा ठरलेलं असं काही नव्हतं, एवढंच खात्रीनं म्हणता येतं. लहान बाळं, मुलगा असो मुलगी असो, पांढरे झगे घालायची. मुलांना तेवढंही पुरतं.

त्यापेक्षा दणदणीत उदाहरण हवं तर कॉम्प्युटर घ्या. १९४६ मध्ये एनिॲक हे यंत्र जगापुढे आलं, त्यावर प्रोग्रॅम बसवणाऱ्या मूळ चमूत ६ जणी होत्या, सहाही बायका, कारण ते काम तेव्हा कारकुनी समजलं जायचं. अमेरिकेत कॉम्प्युटर सायन्सच्या पदव्यांत मुलींचा वाटा वाढत वाढत १९८४ च्या सुमारास ३७ टक्क्यांपर्यंत गेला आणि मग घसरायला लागला, पुढे २० च्याही खाली. मेंदू तर बदलले नव्हते. घरगुती कॉम्प्युटर याच काळात आले आणि ते मुलांचं खेळणं म्हणून विकले गेले, हे घसरणीचं एक मोठं कारण मानलं जातं. आलेख काढून मुलांपुढे ठेवा आणि विचारा, इथे काय झालं असेल? १० वर्षांचं मूल यावर भन्नाट तर्क करतं.

निळावंती

सगळं मुलींबद्दलच चाललंय म्हणून लिहितेय. माझा मुलगा नाचतो, मनापासून नाचतो, आणि त्याला मिळणारे टोमणे मुलीला फुटबॉल खेळण्यावरून मिळणाऱ्या टोमण्यांपेक्षा कितीतरी पट जास्त आहेत. मुलगी मुलांसारखं वागली तर "वाघीण", मुलगा मुलींसारखा वागला तर काय म्हणतात ते सगळ्यांना माहितीय. वर जाणं चालतं, खाली येणं चालत नाही, म्हणजे कुठली बाजू खालची मानलीय ते कळलंच.

परिणाम शिकवायचेत ना, मग मुलग्यांना होणारे परिणाम पण शिकवा, नाहीतर वर्गातली निम्मी पोरं हा मुलींचा तास आहे म्हणून खिडकीबाहेर बघत बसतील. "मुलगे रडत नाहीत" हे आठ वर्षांच्या मुलाला सांगितलं की तो रडायचा थांबत नाही, सांगायचा थांबतो. १५ देशांतल्या १०-१४ वयाच्या मुलांशी आणि त्यांच्या पालकांशी बोलून २०१७ मध्ये एक मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास छापला होता, श्रीमंत गरीब सगळीकडे तीच गोष्ट सापडली, मुलगी नाजूक तिला जपा, मुलगा कणखर त्याला सोडा. मुलींवर त्यामुळे बंधनं येतात ती दिसतात तरी. मुलग्याला सोडतात म्हणजे दुखलं तरी सोडतात. जागतिक आरोग्य संघटनेचे २०१९ चे आकडे बघा, आत्महत्येचं प्रमाण पुरुषांत लाखामागे १२.६ आणि स्त्रियांत ५.४. कारणं बरीच असतात, सगळं याच्यावर ढकलता येणार नाही हे मान्य, पण मदत मागायची लाज हे त्यातलं एक आहेच. हे आकडे आठ वर्षांच्या पोरांना सांगायचे नाहीत अर्थात, हे मोठ्यांसाठी.

टपोरी_कावळा

निळावंती, +१००. "सांगायचा थांबतो" हे फार खरं आहे.

मध्यरात्र

रानजाई, तुमच्या शेवटच्या प्रश्नावर कुणी बोलत नाहीये म्हणून मी बोलतो. मी गे आहे, चाळिशी ओलांडलीय, इथे वाचक म्हणून जुना आहे.

पहिली गोष्ट, 'गे' ही शिवी ज्यांना पडते त्यातली बहुतेक मुलं गे नसतात. निळावंतींच्या मुलाला ती नाचावरून पडते, दुसऱ्याला बारीक आवाजावरून, तिसऱ्याला पुस्तक वाचतो म्हणून. ती शिवी म्हणजे कुंपणाची तार आहे, मुलग्यांना आत ठेवण्यासाठी, आणि तिचा शॉक सगळ्यांनाच बसतो. म्हणून जेंडरचं शिकवू आणि ते दुसरं वगळू असं करताच येत नाही.

दुसरी, इथे दोन समज एकमेकांत गुंतलेत ते वेगळे करून दाखवा. मुलगा कसा चालतो-बोलतो, काय आवडतं, यावरून त्याला पुढे कोण आवडेल ते कळत नाही. नाचणारे बहुसंख्य पुरुष गे नसतात, आणि मी स्वतः आयुष्यात कधी नाचलेलो नाही, मला मोटरसायकली दुरुस्त करायला आवडतात. आणि कुणी ट्रान्स असणं ही आणखी तिसरीच गोष्ट, स्वतःला आपण कोण वाटतो ती. मोठी माणसं हे तिन्ही एकाच पिशवीत कोंबतात, मग मुलांना दोष काय द्यायचा.

तिसरी, "लहान मुलांसमोर हा विषय कशाला" म्हणणारे काका-मामा-आत्या चार वर्षांचा मुलगा आणि मुलगी एकत्र खेळताना दिसली की "काय रे, तुझी गर्लफ्रेंड का?" म्हणून चिडवतात. म्हणजे विषय काढलेला असतोच, फक्त एकाच दिशेनं. मी लहानपणी त्या चिडवण्यावर हसायला शिकलो कारण हसलं नाही तर पुढचा प्रश्न येतो.

गप्प बसण्याचे परिणाम काय होतात हे ब्रिटनमध्ये दिसलंय. तिथे १९८८ मध्ये कायद्यात कलम २८ आणलं, स्थानिक संस्थांनी समलैंगिकतेचा 'प्रचार' करायचा नाही म्हणून. ते गेलं स्कॉटलंडमध्ये २००० ला, इंग्लंड-वेल्समध्ये २००३ ला. नेमकं कशाला बंदी आहे ते शिक्षकांना नीट कळत नव्हतं, म्हणून बरेच जण काहीच बोलेनासे झाले, अगदी त्यावरून पोरगं मार खात असलं तरी. कुणाला काही शिकवलं जाऊ नये म्हणून आणलेल्या कलमानं मुलांना पक्कं शिकवलं की हे बोलण्यासारखं नाही.

काळजीवाहू

मध्यरात्र, तुमच्याबद्दल आदर आहेच. पण एक पालक म्हणून स्पष्ट विचारते, राग मानू नका. ८ वर्षांच्या मुलाला हे सगळं सांगायची खरंच गरज आहे का? मुलं अनुकरण करतात. डोक्यात नसलेलं आपण घालतोय असं नाही का होत? आणि सेक्सबद्दल कसं बोलणार त्या वयात?

मध्यरात्र

राग कशाला, विचारलंत ते बरं केलंत.

सेक्सबद्दल बोलायचंच नाहीये. आईबाबांबद्दल मुलाशी बोलताना आपण सेक्सबद्दल बोलतो का? तसंच. "काही पुरुषांना पुरुष आवडतात, काही बायकांना बाया आवडतात, ते एकमेकांबरोबर राहतात, त्याला गे किंवा लेस्बियन म्हणतात, आणि ती शिवी नाही." झालं. मूल साधारण पुढचा प्रश्न "जेवायला काय आहे" असा विचारतं.

अनुकरणाचं म्हणाल तर माझ्या लहानपणी जेवढे सिनेमे, गोष्टी, लग्नं, घरं मी पाहिली ती सगळी स्त्री-पुरुषांची होती. अनुकरणानं होत असतं तर मी आज गे नसतो :) जागतिक आरोग्य संघटनेनं १७ मे १९९० ला समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. युनेस्कोची लैंगिकता शिक्षणाची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका आहे, २००९ ची, २०१८ ला सुधारलेली, ती ५-८ वयापासूनच सुरू होते आणि त्या वयासाठी त्यात कुटुंबं वेगवेगळ्या प्रकारची असतात, चिडवणं वाईट, माझं शरीर माझं, असल्याच गोष्टी आहेत. असं शिक्षण दिल्यानं मुलं लवकर लैंगिक संबंधांकडे वळत नाहीत, हे त्यासाठी तपासलेल्या पुराव्यांतून निघालंय. स्वीडनमध्ये तर शाळेत लैंगिकता शिक्षण १९५५ पासून सक्तीचं आहे.

काळजीवाहू

ते वाक्य तेवढंच असेल तर मला चालेल. विचार करते.

पाटीपेन्सिल

आता करायचं काय, ते सांगते. मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे उत्तरं घोकून घेणं. हसू नका. २००९ मध्ये लॅम्ब, बिगलर वगैरेंनी शाळेतल्या मुलांवर करून बघितलं होतं. एका गटाला, कुणी असलं काही बोललं तर काय म्हणायचं त्याच्या गोष्टी ऐकवल्या, दुसऱ्या गटाकडून ती उत्तरं तोंडानं म्हणवून घेतली, एकमेकांसमोर, नाटकासारखी. नंतर खऱ्या प्रसंगात म्हणवून घेतलेली मुलं जास्त बोलली. आणि ते बरोबरच आहे, मुलाला चूक कळते पण त्या क्षणी तोंडात शब्द नसतात, आणि क्षण निघून जातो.

आमच्या वर्गात मुलांनीच तयार केलेली काही :
"हा मुलींचा खेळ आहे" ला "खेळाला विचारलंस का?"
"मुलगी आहेस का रे" ला "असतो तर काय झालं असतं, सांग बरं." (इथे समोरचा हमखास अडखळतो.)
"मुलांना हे जमतं, मुलींना नाही" ला "कुठल्या मुलींना? नावं सांग."

तिसरं सगळ्यात जालीम. 'नावं सांग' म्हटलं की मूल ठोकळ्यावरून माणसावर येतं.

टपोरी_कावळा

"खेळाला विचारलंस का" आज ऑफिसात वापरण्यात येईल.

चष्मेबहाद्दर

पाटीपेन्सिलताई, मी भाचीला नेहमी सांगतो "मुली पण गणितात मुलांइतक्याच हुशार असतात". ते बरोबर ना? एक वाचलं होतं की परीक्षेआधी 'मुलींना गणित जमत नाही' हा समज नुसता आठवला तरी मुलींचे मार्क घसरतात.

अनुस्वार

दोन्हीवर थोडं. परीक्षेआधी समज आठवला की मार्क घसरतात, हे फार गाजलं होतं, पण पुढे मोठ्या प्रमाणावर तपासल्यावर डळमळीत निघालं. २०१८ मध्ये नेदरलँड्सच्या २,००० हून जास्त शाळकरी मुलांवर आधीच पद्धत जाहीर करून चाचणी केली, त्यात असा परिणाम दिसला नाही. तेव्हा हे मुलांना सांगायच्या यादीतून वगळा, त्याच्याशिवाय भरपूर आहे.

आणि तुमचं वाक्य. चेस्टनट आणि मार्कमन यांचा, हाही २०१८ चाच, अभ्यास नेमका यावर आहे. "मुली मुलांइतक्या हुशार" ऐकलं की ऐकणाऱ्याला वाटतं गणित मुळात मुलांचं, मुलींनी त्यांना गाठलंय. 'इतक्या' च्या पुढे जो असतो तो मोजपट्टी होतो. भाचीला सांगायचंच तर "तू हे गणित कसं सोडवलंस ते दाखव" म्हणा.

रानजाई (धागाकर्ती)

रकाने रद्द! पाटीपेन्सिल, धन्यवाद गं. काल पहिला तास झाला तो सांगते.

सुरुवातीला शास्त्रज्ञाचं चित्र काढायला सांगणार होते. तो जुना प्रयोग आहे ना, चेंबर्सचा, १९६६ ते ७७ मध्ये ४,८०७ मुलांची चित्रं गोळा केली आणि त्यात बाई शास्त्रज्ञ फक्त २८, त्याही सगळ्या मुलींनी काढलेल्या. पण आता मुलांना अपेक्षित उत्तर माहीत झालंय, नंतरच्या अभ्यासांत सरासरी २८ टक्के चित्रांत बाई आहे, चांगलंच आहे ते, पण माझ्या पोरांनी मला खूश करायला बाई काढली असती. म्हणून प्राणी दिले. काहीही काढा, हत्ती, बेडूक, ऑक्टोपस, फक्त चेहरा मोठा हवा. मग म्हटलं हा प्राणी तो आहे की ती, खाली लिहा. लिहिलं. मग सगळी चित्रं जमिनीवर मांडली, खाली लिहिलेलं दुमडून लपवलं आणि एकमेकांच्या चित्रातला प्राणी तो की ती ते ओळखायला सांगितलं.

धडाधड ओळखलं. कसं ओळखलं विचारलं तर एक मुलगा म्हणाला, पापण्या. खरंच, जे जे 'ती' होतं त्याला वर तीन फटकारे मारून पापण्या, बहुतेकांना ओठ, एका बेडकीला बो. 'तो' असलेल्यांना काहीच नाही, नुसते दोन ठिपके. मग मी खऱ्या हत्तींचे फोटो काढले. हत्तींना काय लांब पापण्या असतात, नर असो मादी असो! पोरं फोटोला नाक लावून बघत होती. एकजण म्हणे "मग आपण हत्तीच्या काढून का घेतल्या?" मी काही बोलले नाही, त्यांनाच बोलू दिलं. एक मुलगी म्हणाली, साधा प्राणी म्हणजे मुलगा असतो आणि त्याला काहीतरी लावलं की मुलगी होते. पंधरा मिनिटं त्यावरच. कार्टूनमधली पात्रं आठवून आठवून तपासली, पापण्या कुणाला, विनोद कोण करतं, वाचवतं कोण. "पापण्यावाली वाचवली जाते", हा निष्कर्ष माझा नाही, त्यांचा.

शेवटी एका मुलानं, ज्याची मान अर्धा तास खाली होती, विचारलं, माझ्या पापण्या लांब आहेत म्हणून मला वर्गात चिडवतात, ते पण याच्यामुळेच का? बाकीचे एकदम त्याच्याकडे बघायला लागले, आणि चिडवणाऱ्यातलाच एक म्हणाला "हो रे, कार्टूनमुळे". तेवढ्यावर तास संपला.

निळावंती

बाप रे. कमाल तास झाला. परिणाम परिणाम म्हणतात तो हाच की.

शंकेखोर

हे आवडलं. भाषण नाही, बघायला लावलं. फक्त 'कार्टूनमुळे' वर थांबू नका, चिडवलं कार्टूननं नव्हतं.

रानजाई (धागाकर्ती)

शंकेखोर, अगदी बरोबर, पुढच्या तासाला तेच घेतेय, पाटीपेन्सिलच्या उत्तरांसकट. त्यानंतर जाहिराती. ब्रिटनमध्ये जून २०१९ पासून जाहिरातींत अपायकारक ठोकळेबाज चित्रण करायला मनाई आहे, उदाहरणं म्हणून दिली होती ती बाळाचं लंगोट बदलता न येणारा बाबा आणि गाडी पार्क न करता येणारी बाई अशी. मुलांनाच जाहिराती तपासणारी समिती करणार, पाच जाहिराती दाखवायच्या, कुठली ठेवायची कुठली काढायची आणि नुसतं 'काढा' नाही, कुणाचं काय नुकसान होतं ते सांगायचं.

'गे' बद्दल मी ठरवलंय. मध्यरात्र, तुमचं वाक्य जसंच्या तसं वापरणार आहे. त्या दोन पालकांना आधी भेटून ते वाक्य वाचून दाखवीन, पाठीमागे काही करायचं नाही. पण शिवी ऐकली की मी थांबवणार आणि सांगणार, यावर तडजोड नाही, तेही त्यांना सांगीन.

मध्यरात्र

जरूर वापरा. शिवी आली की "असं बोलू नये" एवढ्यावर सोडू नका. "या शब्दाचा अर्थ काय, सांग" विचारा. नव्वद टक्के पोरांना माहीत नसतो (आकडा माझा, अंदाजपंचे). अर्थ सांगितला की शब्दाचं विष निम्मं उतरतं. आणि तुमच्या वर्गात एखादं मूल असं असेलच ज्याला पुढे हे स्वतःबद्दल कळेल. ते आत्ता काही बोलणार नाही, फक्त ऐकत असेल तुम्ही काय म्हणता.

मोठ्या मुलांसाठी, ८वी-९वी च्या, ॲलन ट्युरिंग हा ब्रिटिश गणितज्ञ घ्या. दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे गुप्त संदेश उलगडायला मदत केलेला माणूस, १९५२ मध्ये समलैंगिक म्हणून खटला, तुरुंगाऐवजी हार्मोनचे उपचार पत्करावे लागले, १९५४ ला ४१ व्या वर्षी गेला. राजघराण्याकडून माफी आली २०१३ ला. त्या वयाच्या मुलांना यात अन्याय कुठे आहे ते सांगावं लागत नाही.

काळजीवाहू

रानजाई, पालकांना आधी वाचून दाखवताय हे फार आवडलं. मी त्या दोघांच्या जागी असते तर मला तेच हवं असतं. एक शंका, आमची लेक ६ वर्षांची, तिला सगळं गुलाबीच लागतं, झगे, फ्रिल, चमचम. मी काही करायला हवं का?

पाटीपेन्सिल

काही नाही. त्या वयात भरपूर मुलींचं होतं ते, बहुतेकींचं आपोआप ओसरतं. घालू दे. फक्त त्या झग्यात झाडावर चढता येतं का बघा, चढता येत नसेल तर खाली चड्डी घाला.

टपोरी_कावळा

रानजाई, पापण्यांचा प्रयोग पुतण्या-पुतणीवर रविवारी करणार आहे. ७ आणि ११ वयाची आहेत. काही टिप?

रानजाई (धागाकर्ती)

दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवा, नाहीतर धाकटं मोठ्याचं बघून काढतं. कोण 'तो' कोण 'ती' हे चित्र पूर्ण झाल्यावरच विचारायचं, आधी अवाक्षर नाही. रंग देऊ नका, नुसती पेन्सिल, रंग दिले की सगळं गुलाबी-निळ्यावर जातं आणि पापण्यांकडे लक्षच जात नाही. आणि खऱ्या प्राण्यांचे फोटो आधी मोबाइलवर काढून ठेवा, त्यात उंट हवाच.